अंजीचं कार्ड

पौषातल्या एका सकाळी मी शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या एस.टी.त बसलो, तेव्हा काम साधंच होतं. धाकट्या बहिणीला चार दिवस माहेरी आणायचं. सन पंच्याहत्तर. डॉक्टरांकडून सुट्टी घेतली होती, दवाखान्याच्या किल्ल्या तिथल्या शिपायाकडे, भिमाजीकडे दिल्या होत्या, पिशवीत शाळूचा हुरडा आणि जवसाची चटणी होती. कंपाउंडरच्या सवयीने माझा थर्मामीटर शर्टाच्या खिशात होता, पेनाशेजारी.

पुतळाचा निरोप एका ट्रकवाल्याने आणला होता. दादाला म्हणावं, येऊन घेऊन जा, दोघांनाबी. दोघांनाबी म्हणजे तिला आणि साहेबरावदाजींना. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची अंजना, श्रावणात मुदतीच्या तापाने गेली होती. त्यानंतर मी दोनदा जाऊन आलो, पण दाजी घर सोडून यायला तयार नव्हते. या वेळी पुतळाने स्वतःहून बोलावलं होतं, म्हणून मला बरं वाटत होतं.

इनामगावच्या फाट्यावर उत्खननाच्या कामावरच्या दोन बायका उतरायच्या होत्या. त्यांतली एक दुसरीला सांगत होती की जुन्या घरांच्या भुईखाली मातीच्या रांजणात ठेवलेली लेकरं निघतात, हाडं अशी काडीएवढी. दुसरी म्हणाली, आईला लांब सोडवलं नसंल. मग फाटा आला आणि त्या उतरून गेल्या.

दौंडला दाजींचं क्वार्टर मालगाड्यांच्या यार्डाला लागून होतं. तिथे शांतता अशी नसायचीच. एंजिन डब्यांना धक्का द्यायचं आणि तो आवाज डब्यामागून डब्यात जात जात लांब विरून जायचा. भिंतीवर, भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची बारीक काजळी. पुढची खोली, आतली खोली आणि चुलीपुरती जागा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आमच्या दोन्ही घरांत देव्हारा नाही की अंगारा नाही. आमच्या वडिलांनी ते सगळं छप्पन सालीच सोडलं. भूतखेत हा शब्द घरात निघाला तर वडील हसायचे, आणि दाजी तर त्यांच्याहून कडक.

पुतळाने दार उघडलं. तिची ट्रंक दाराशीच होती, वर दोरी बांधलेली. ती मला पाणी द्यायच्या आधीच म्हणाली की उद्या पहिल्या गाडीने निघायचं. मी विचारलं, दाजी तयार आहेत का? चुलीपाशी बसून तिने जे सांगितलं ते नीट कळण्यासाठी दाजींच्या मशीनबद्दल आधी सांगायला हवं.

दाजी यार्डात नंबर टेकर होते. आलेल्या मालगाडीच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा नंबर टिपायचा, हे त्यांचं काम. त्यांचं डोकं आकड्यांत रमायचं. रेल्वेने एकदा त्यांना आठ दिवसांच्या ट्रेनिंगला मुंबईला पाठवलं. तिथे त्यांनी भोकं पाडलेली कार्डं आपोआप निवडणारं यंत्र पाहिलं. ते डोक्यात घेऊनच ते परतले. मुंबईचा पेपर गाडीने दौंडला लवकर येई. त्यातलं शेअर बाजाराचं पान गार्ड त्यांच्यासाठी काढून ठेवू लागला. कापडगिरण्या, सिमेंट, पोलाद, साखर, अशा चाळीसेक कंपन्यांचे भाव दाजी दर आठवड्याला आलेखाच्या कागदावर मांडायचे. शेअर त्यांनी फारसे घेतले नाहीत. त्यांना फक्त रेघेचं चालणं ओळखायचं होतं.

मग त्यांनी मशीन केलं. मशीन म्हणजे बुटाचं खोकं, पुठ्ठ्याची कार्डं, तिकीट तपासनिसाचा जुना चिमटा आणि अंजीची स्वेटर विणायची सुई. प्रत्येक कंपनीचं एक कार्ड. कार्डाच्या वरच्या कडेला ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. भाव दहा आठवड्यांच्या सरासरीच्या वर आहे का? खरेदी-विक्री वाढली का? मागचा उंच टप्पा ओलांडला का? उत्तर हो असेल तर भोकापासून कडेपर्यंत कातरून टाकायचं. सगळी कार्डं एकत्र धरून एका भोकातून सुई घालायची आणि उचलायची. ज्यांचं भोक शाबूत, ती सुईला लटकून राहतात. ज्यांचं कातरलेलं, ती खाली पडतात. पडलेली कार्डं पुन्हा धरून एकेक प्रश्न घेत गेलं की सगळ्यांत जास्त वेळा पडणारं कार्ड पहिल्या नंबराचं. यार्डातली माणसं गमतीने विचारायची, "साहेबराव, आज कोण पडलं?" इतरांच्या तोंडी पडणं म्हणजे वाईट. दाजींच्या घरात पडणं म्हणजे चढणं.

अंजीला ताप आला तेव्हा त्यांनी तिचंही कार्ड केलं. सकाळ-संध्याकाळचा ताप आलेखावर मांडायचा आणि त्यावरून कार्ड कातरायचं. पुतळा संतापली होती, पोरगी हाय का साखरेचा कारखाना म्हणून. पण दाजी ते मायेने करत होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायचं का असं विचारलं, तेव्हा दाजींनी आलेख पाहिला. एका दिवसाच्या उडीवर विश्वास ठेवायचा नाही, रेघ तीनदा सरासरीच्या पलीकडे गेली तरच ती खरी, असा त्यांचा नियम. ते थांबले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ताप एकदम उतरला, एकशेतीनवरून थेट सत्त्याण्णववर. रेघ तुटली, आता सुटली पोरगी, असं म्हणत त्यांनी शेजारच्या भामाबाईंना पेढे दिले. मुदतीच्या तापात ताप असा कोसळतो आणि नाडी धावायला लागते, तेव्हा आतडं फुटलेलं असतं. रोज दवाखान्यात बसणाऱ्याला हे माहीत असतं. वॅगनचे नंबर टिपणाऱ्याला कुठून असणार? दुसऱ्या दिवशी उजाडताना अंजी गेली.

पुतळा म्हणाली की दाजींनी ते कार्ड गठ्ठ्यातून काढलंच नाही. जुनं कातरलेलं फाडलं आणि नवं कोरं केलं, सगळी भोकं शाबूत, वर तिचं नाव. दर शनिवारी ते सुईला लटकून राहायचं. दाजी ते बोटाने सारखं करायचे आणि पुढे जायचे. तेवढंच तिचं घरात असणं.

"आन् डिसेंबर सरताना..." पुतळा थांबली. "एका शनिवारी त्ये पडलं."

मी म्हणालो, भोक फाटलं असेल. ती म्हणाली, तू आज बघशीलच, आज शनिवारच हाय.

दाजी दिवेलागणीला आले. मला वाटलं होतं खचलेला माणूस दिसेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. "या डाक्टर," ते म्हणाले. ते मला नेहमी असंच चिडवायचे. "शिरूरच्या पेशंटांना मोकळं सोडलं जनू. आता वाचतील बिचारी." हुरडा पाहून त्यांना आनंद झाला. हातपाय धुऊन ते जेवायच्या आधीच खोकं घेऊन बसले. गार्डाने दिलेलं पान पसरलं, भाव मांडले, चिमट्याने कार्डं कातरली. हे सगळं त्यांनी इतकं सावकाश आणि निगुतीने केलं की क्षणभर मलाही ती जुनीच संध्याकाळ वाटली, अंजी आत विणत बसल्यासारखी.

मग त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुम्हीच उचला, पाव्हणं. म्हंजी माझा हात लागला असं नको."

अंजीचं कार्ड मी आधी काढून पाहिलं. बल्बखाली धरलं. प्रत्येक भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. कुठे चीर नव्हती. ते गठ्ठ्याच्या मधोमध घातलं, सुई आरपार घातली, पलीकडून टोक निघालेलं पाहिलं आणि उचललं. दहा-बारा कार्डं चटईवर पडली. त्यांत एक पडताना वाजलं नाही. बाकीची टपटप पडली, हे मात्र कुणी हळूच ठेवल्यासारखं. त्याच्यावर अंजीचं नाव होतं.

भोक शाबूत होतं. मी पुन्हा नख फिरवलं. शाबूतच होतं.

दुसऱ्या भोकातून उचललं, ते पडलं. तिसऱ्यातून उचललं, पडलं. शेवटच्या प्रश्नापर्यंत दोनच कार्डं उरली, एक सिमेंटचं आणि एक तिचं. शेवटी सिमेंटचं लटकून राहिलं.

"पहिला नंबर," दाजी म्हणाले. "तीन आठवडे झालं. चढतीय पोरगी."

यार्डातला एक धक्का डब्याडब्यातून गेला आणि दूर विरला. दाजी उठले. भूतबीत काही नसतं, ते म्हणाले, तुम्हाला-मला ठाऊक हाय. पण रेघ चढतीय असं कार्ड सांगत असेल, तर चढणारं काहीतरी मोजता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी मोजून पाहिलं होतं.

आतल्या खोलीत अंजीची खाट होती. तिच्यावर निळी रजई, उशी, सगळं झटकून नीट घातलेलं. पौषाची थंडी अशी होती की फरशीवर पाय ठरत नव्हता. मी रजईखाली हात घातला. गादी गार होती, कुणी नुकतंच उठलं असावं असा मागमूस नाही. दाजींनी थर्मामीटर झटकून मला दाखवला. पारा तळाशी होता. तो त्यांनी उशीच्या खाली, रजईच्या आत ठेवला. मी माझा थर्मामीटर खिशातून काढला, झटकला आणि त्याच रजईत पायथ्याशी ठेवला. दोन्ही एकाच गादीवर, एकाच रजईखाली. आम्ही तिघं उभे राहिलो. तेवढ्या वेळात मला एक वास आला, आधी कोळशाचा वाटला, पण नव्हता. दवाखान्यात वीस वर्षं तो वास मी घेतलाय. तापाने तोंड सुकलेल्या माणसाचा, आंबूस, पिकल्यासारखा.

माझ्या थर्मामीटरचा पारा तळाशीच होता. दाजींचा एकशेतीनला दोन दोरे, म्हणजे दोन बारीक रेघा, कमी.

"बघा," दाजी म्हणाले. पहिल्या दिवसांत काहीच नव्हतं. मग नव्व्याण्णव, मग शंभर, मग रोज थोडं वर. त्यांनी नवा आलेखाचा कागद आणून दाखवला. रेघ पायऱ्या चढावी तशी वर गेलेली. "अशा रेघेला मी कवाच सोडत न्हाई. आन् ही म्हंती शिरूरला चला. पोरगी घराकडं यायला लागली आन् आम्ही कुलूप लावून जायचं व्हय?"

पुतळा दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मी तो कागद हातात घेतला. त्या पायऱ्या मला ओळखीच्या वाटत होत्या. सकाळी थोडा खाली, संध्याकाळी आदल्या संध्याकाळपेक्षा वर. मी विचारलं, श्रावणातला कागद ठेवलाय का? दाजींना तो काढावासा वाटत नव्हता. पुतळानेच तो फळीवरून काढून आणला, सुरनळी करून दोऱ्याने बांधलेला.

मी नव्यावर जुना ठेवला आणि दोन्ही बल्बपुढे धरले.

एकच रेघ दिसत होती.

मी कागद थोडा सरकवला तेव्हा त्या दोन झाल्या, जुळवला तेव्हा पुन्हा एक. जिथे श्रावणात अंजीने एक दिवस सकाळी खिमट खाल्लं होतं आणि ताप जरा कमी दिसला होता, तिथे पौषातही तेवढाच खळगा होता. फरक एवढाच की जुनी रेघ पुढे आणखी थोडी जात होती. तीन दिवस, फार तर चार. आणि मग तो कडा.

"दाजी," मी म्हणालो. "शेअर चढला तर चांगलं. ताप चढतो तेव्हा... ती येत नाहीये. ती आजारी आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळताना मी पाहिला, आणि तो मीच मालवला होता. ते खाटेच्या कडेला बसायला गेले, पण बसले नाहीत. मधेच थांबून खाली फरशीवर बसले, कुणाच्या पायावर बसू नये तसे.

"पुन्हा?" ते एवढंच म्हणाले. "त्येच सगळं... पुन्हा?"

पुतळा दारातून वळली. मला वाटलं ती रडायला गेली. मी पुढच्या खोलीत आलो तर ती ट्रंकेची दोरी सोडत होती. लुगडी काढून तिने फळीवर ठेवली. मी म्हणालो, पुतळा, उद्या निघायचं ना? तिने मान वर केली नाही.

"पोरीला तापात टाकून म्हायेरी जाऊ व्हय रं दादा?"

मी ज्या कामाला आलो होतो ते माझ्याच हाताने बुडालं होतं. तिला त्या घरातून बाहेर काढायला आलो आणि दोन कागद जुळवून तिला तिथेच बांधून ठेवलं. ती चुलीपाशी गेली, पाण्यात मीठ घातलं, जुन्या धोतराच्या घड्या केल्या आणि आत जाऊन उशीवर ठेवल्या, कपाळ जिथे असेल तिथे. थोड्या वेळाने तिने घडी काढली. मी हात लावला. तव्यावरून काढल्यासारखी गरम होती, आणि सुकलेली.

जेवणं झाली नाहीत. दाजी दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना म्हणालो की थांबायचं की काय करायचं ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले की नियमाप्रमाणे अजून काही ठरत नाही, रेघ अजून तुटलेली नाही. ते स्वतःशीच बोलत होते.

"नियम ऱ्हाऊ द्या," पुतळा आतून म्हणाली. "उद्या पुण्याला न्यायची."

"कुणाला?" दाजींनी विचारलं.

"अंजीला," ती म्हणाली.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. दाजींनी गादी, उशी आणि रजई एकत्र गुंडाळली नाही. तशीच, पसरल्यासारखी, दोघांनी दोन टोकांना धरून उचलली. मी मधे हात दिला. वजन मला रजई-गादीचंच वाटलं. पण दाजी दोनदा म्हणाले, सावकाश. डब्यात त्यांनी ती बाकावर ठेवली. केडगावला गर्दी चढली. बाक अडवलेला पाहून एक शेतकरी बाई बसायला पुढे झाली, मग का कोण जाणे, तिने पदर सावरला आणि उभीच राहिली. यवत गेलं, उरळी गेली. कुणी काही विचारलं नाही. पुतळाचा एक हात रजईत होता.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही काय सांगणार होतो? केसपेपर कुणाच्या नावाने काढणार होतो? दाजी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी आम्ही वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात अंथरूण घातलं. त्या व्हरांड्यात आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं होती, अंथरुणं, पितळी डबे, कोपऱ्यात स्टोव्ह. आम्ही त्यांच्यात मिसळून गेलो. दुःखाने बसलेल्या माणसांकडे तिथे कुणी निरखून बघत नाही. झाडू मारायला एक बाई आली. तिने विचारलं, पेशंट कुठंय. पुतळा म्हणाली, झोपलीय. बाईने रजईकडे पाहिलं, मान हलवली आणि अंथरुणाला वळसा घालून पुढे झाडत गेली.

श्रावणात ताप कोसळला होता तो दिवस अजून दोन-तीन दिवसांवर होता. आम्ही ते दिवस त्या व्हरांड्यातच काढले. दाजींनी यार्डात निरोप पाठवला, मी डॉक्टरांना तार केली. दुपारी ऊन व्हरांड्यात यायचं आणि सरकत जायचं. पुतळा जागची हलली नाही. तिचा उजवा हात रजईत होता, खांद्यापर्यंत. मी एकदा म्हणालो की हात आखडेल, जरा काढ. ती हळूच म्हणाली, "धरलाय तिनं." दाजींनी हे ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

जुन्या रेघेप्रमाणे कडा यायचा त्या दुपारी, त्याच सुमाराला, दाजींनी थर्मामीटर रजईत ठेवला आणि काढल्यावर स्वतः पाहिला नाही. तो माझ्याकडे देत म्हणाले, "तुम्ही वाचा." मी वाचला. एकशेतीन. कडा नव्हता. संध्याकाळीही एकशेतीन. दुसऱ्या दिवशी उजाडलं, कोपऱ्यातला स्टोव्ह कुणीतरी पेटवला, चहाचा वास आला, आणि पारा एकशेदोनवर होता. एकेक पायरी उतरत होता, जसा बऱ्या होणाऱ्या माणसाचा उतरतो. दाजी तिथेच, सगळ्यांच्या देखत, गुडघ्यात डोकं घालून रडले. आपली पोर गेल्यावर ते रडले नव्हते, हे मला तेव्हा आठवलं. शेजारच्या कुटुंबातला म्हातारा उठून आला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "उतरला न्हवं ताप? मग आता का रडता, आप्पा?"

मी त्यांना दौंडला पोचवून शिरूरला आलो. माझ्या परीने मी स्वतःला समजावत होतो. दोन दुःखी माणसांच्या हातात थर्मामीटर होता, आणि मीही त्यांचाच. पण कार्ड मी उचललं होतं आणि घडीला हात मीच लावला होता, एवढं मनातून जात नव्हतं.

चैत्रात पुन्हा गेलो. दौंडला तेव्हा ऊन असं पेटलं होतं की यार्डातल्या रुळांवर नजर ठरत नव्हती. दाजी सुधारले होते. कामावर नीट जात होते, अंगावर थोडं मांस आलं होतं. अंजीचा पारा रोज अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, त्यांनी सांगितलं, गेला महिनाभर एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. रेघ सरळ चालली होती. तिचं कार्ड आता सुईला लटकून राहतं, पडत नाही, आणि यात त्यांना समाधान होतं. चढ नको, उतार नको. आहे तशी राहू दे. ते हसून म्हणाले की शेअर बाजारात असल्या कंपनीला कुणी विचारत नाही, पण घरात चालते. मग ड्यूटीवर गेले.

पुतळा माझ्यासमोर बसली होती. एवढ्या उन्हात तिच्या अंगावर शाल होती, आत स्वेटर. चेहरा शांत होता, इतका शांत मी तिच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता. तिने आतल्या खोलीकडे मान वळवली, मला काही ऐकू आलं नाही. "आले गं," ती म्हणाली, पाण्याचा तांब्या आत ठेवून आली आणि पुन्हा बसली. यंदा थंडी सरतच नाही, असं ती सहज बोलली.

मी तिचा हात हातात घेतला. तो उजवा हात होता, पौषातल्या त्या गादीसारखा गार. मी तो पटकन सोडला नाही, कारण तिच्या लक्षात आलं असतं. मी म्हणालो, जरा बघू दे. थर्मामीटर झटकून तिच्या जिभेखाली ठेवला आणि नाडीवर बोट ठेवलं. नाडी होती. सावकाश, लांबून आल्यासारखी, पण होती. चैत्रातल्या त्या दुपारी थर्मामीटर नुसता चटईवर ठेवला असता तरी पारा शंभराच्या वर गेला असता. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो. मग काढून उजेडात धरला.

पारा तळाशी होता. हललाच नव्हता.

मी पुन्हा झटकायला लागलो तेव्हा तिने तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि माझ्या खिशात ठेवला, पेनाशेजारी.

"त्यांना सांगू नगंस दादा," ती म्हणाली. "न्हाईतर माझंबी कार्ड करतील."